उपासाला चालणारी वाफ

आमचे घरमालक संकष्टीला फक्त आंब्याचा फ्लेवर ओढत. एरवी कॉफी, क्रीम, कसलंसं बिस्कीट असं काहीही चालायचं, पण चतुर्थी आणि एकादशीला फळच. आंबा उपासाला चालतो, ब्लूबेरी परदेशी असली तरी फळच असल्यामुळे चालते, कॉफीबद्दल मतभेद आहेत, आणि बिस्किटात मैदा येतो म्हणून ते बाद. हे सगळं त्यांनी मला एकदा अत्यंत गंभीरपणे समजावून सांगितलं होतं. मी तेव्हा साबुदाणा भिजवत होते आणि ते शेजारी उभे राहून माझ्या पातेल्यावर आंब्याची वाफ सोडत होते.

आजही त्यांच्याविषयी बोलताना मी अहो-जाहो करते. तोंडाला सवय लागली आहे. मनात मात्र मी त्यांना कधीच अरे-तुरेवर आणलेलं आहे.

आयर्लंडमध्ये डब्लिनहून रेल्वेने मेनूथला जाताना अलीकडे पलीकडे जी एकसारखी घरं दिसतात, त्यातलं एक त्यांचं. वरच्या खोल्यांतल्या दोन आम्हाला भाड्याने, खाली स्वयंपाकघर आणि बैठक सगळ्यांची मिळून, मागे चार पावलांचं परसू आणि कचऱ्याचे डबे. माझा नवरा ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत इंजिनियर, घरमालक त्याच भागातल्या दुसऱ्या कंपनीत. आम्ही २०२०च्या फेब्रुवारीत सामान आणलं आणि मार्चमध्ये जग बंद झालं. मग दोघांची ऑफिसं घरात आली, आणि तीन महिन्यांसाठी यवतमाळकडून आलेली घरमालकांची म्हातारी आई विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकली.

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला बालदमा. हवा बदलली की छातीत घरघर सुरू व्हायची, निळा पंप कायम माझ्या पर्समध्ये. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला धुरापासून लांब ठेवा. म्हणून घर घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारला होता.

"घरात कोणी सिगरेट ओढतं का?"

"सिगरेट?" ते जवळजवळ दुखावलेच. "सिगरेट ओढणाऱ्याला मी दारात उभा करत नाही, वहिनी."

किती बरं वाटलं होतं मला. आठवडाभराने खाली उतरले तर बैठकीत ढग. ढगाच्या मध्यभागी सोफ्यावर घरमालक, मांडीवर लॅपटॉप, हातात ई-सिगरेटचं पेनाएवढं चकचकीत मशीन.

"सर, तुम्ही तर म्हणाला होतात की घरात कोणी ओढत नाही."

"तुम्ही सिगरेट विचारली होती. प्रश्न नीट विचारला की उत्तर नीट मिळतं."

"पण हा धूर..."

"धूर व्हायला काहीतरी जळावं लागतं. इथे काय जळतंय, दाखवा बरं?"

जळत होते ती मी, पण ते दाखवता येण्यासारखं नव्हतं. "इट्स ओन्ली स्टीम," असं म्हणून त्यांनी आणखी एक ढग सोडला आणि समोर खेळणाऱ्या माझ्या मुलीकडे बघून गोड हसले. मी तिला उचलून वर नेलं.

त्यांचा पेशा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या. त्या पेशात एक नियम असतो म्हणे: जे लेखी मागितलेलं नाही ते झालं नाही, तर ती चूक धरायची नाही. माणसाने असले नियम ऑफिसात ठेवून घरी यावं. यांनी आख्खं आयुष्य त्यावर बेतलं होतं. दूध उतू गेलं तर गॅसजवळ उभं राहायला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या आयरिश बाईंच्या दारासमोर गाडी लावली तर तिथे लावू नये असं लिहिलेलं नव्हतं. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच सवाल असायचा, "लिहिलंय का कुठे?" वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून सिगरेट-बिडीला शिवणार नाही अशी शपथ घेतली होती, हेही ते अभिमानाने सांगत. शपथेतही नेमकं काय आलं आणि काय आलं नाही, याची त्यांनी पक्की तपासणी केलेली असणार.

गंमत म्हणजे या देशाच्या धूम्रपानबंदीचं त्यांना केवढं कौतुक! कायदा आला त्याच्या आदल्या वर्षी ते डब्लिनला आले होते. तेव्हा पबमध्ये समोरचा माणूस दिसायचा नाही, घरी आल्यावर स्वेटरसुद्धा बाहेर टांगावा लागायचा, आणि मग एका सकाळी सगळ्या ओढणाऱ्यांना दाराबाहेर काढलं, जगाला धडा घालून दिला, वगैरे. विधेयक यांनीच मांडलं असावं अशा थाटात हे सांगायचं, आणि सांगता सांगता तोंडातून वाफ.

"मग हाच नियम तुमच्या मशीनला का नको?" मी एकदा विचारलंच.

"कायद्यात तंबाखू लिहिलंय. हे लिहिलेलं नाही."

"अहो, तेव्हा हे मशीनच नव्हतं. नसलेली गोष्ट लिहिणार कशी?"

"एक्झॅक्टली!" ते खूश झाले. "म्हणजे लिहिलेलं नाही, हे तुम्हालाही मान्य आहे."

आजी तिथेच टेबलापाशी मटार सोलत बसल्या होत्या. घरमालकांची आई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी. इथे आमचं सख्खं कोणी नव्हतं, त्यामुळे मुलगी दिवसभर त्यांच्या मांडीवर असायची. तिला मराठी सगळं कळायचं पण उत्तरं इंग्रजीत, आजींना इंग्रजीचा गंध नाही, आणि तरी दोघींच्या गप्पा तासन्‌तास चालायच्या. त्या दिवशी त्यांच्या देखत घरमालक मला पुढे म्हणाले, "आमच्या वडिलांचं उदाहरण घ्या. जिनिंगमध्ये कामाला, दिवसभर कापसाची धूळ, वर बिडी. अडाणी माणूस. छाती सडून गेली. आपण शिकलेली माणसं आहोत, आपण विचार करून घेतो." आजींनी मान वर केली नाही.

"काहून बापाचं नाव घेतं?" त्या एवढंच म्हणाल्या.

"'काहून' नाही, आई. 'का'," घरमालक म्हणाले.

पुण्यात चार वर्षं इंजिनियरिंग करून त्यांनी स्वतःची बोली धुऊन काढली होती, आता आईची धुवायला घेतली होती.

लॉकडाऊनआधी त्यांच्या ऑफिसातही हे मशीन आत चालत नव्हतं. तिथे कंपनीने तसं लिहूनच ठेवलेलं, त्यामुळे हे मुकाट्याने खाली उतरून कॅनालच्या काठावर सिगरेटवाल्यांच्या घोळक्यात उभे राहायचे. ओढण्याचं दुःख नव्हतं, पंगतीचं होतं. "मला त्या लोकांत उभं करतात!" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर कातर व्हायचा. ऑफिस घरी आलं तेव्हा सगळ्यात आनंदी माणूस हाच. इथे कोण लिहून ठेवणार होतं?

मग घरात नियम निघाले, पण सगळे आमच्यासाठी. त्यांचा कॉल चालू असताना फोडणी द्यायची नाही, कारण हे घर आता ऑफिस आहे आणि ऑफिसात असले वास चालत नाहीत. मी म्हटलं, ऑफिस असेल तर तुमचं मशीनही बाहेर जायला हवं. तर नाही, मशीनच्या बाबतीत हे घर होतं. उदबत्तीला पुन्हा ऑफिस, कारण तिचा धूर. सकाळी पूजा करताना मी उदबत्ती घेऊन परसात जायचे, कचऱ्याच्या डब्यांपाशी ओवाळायचे आणि आत यायचे. आत देवासमोर ब्लूबेरीचा ढग तरंगत असायचा.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, "जाऊ दे ना गं. या दिवसांत दुसरं घर कुठे शोधायचं?" त्याचंही खोटं नव्हतं. घरं बघायला जायची बंदी होती, पाच किलोमीटरच्या पलीकडे पाऊल टाकायची बंदी होती. फक्त या एका गोष्टीला बंदी नव्हती. मी मुलीच्या खोलीच्या दाराखाली टॉवेल गुंडाळून लावायचे, खिडकी उघडी ठेवायचे, मग थंडीने तिला खोकला यायचा, मग खिडकी लावायचे, मग तो गोड वास यायचा. मुलगी खोकायला लागली की मी पंप हातात घेऊन तिच्या उशाशी बसायचे. वर्षभर मी त्या घरात स्वतःचा श्वास धरून जगले.

अलार्मची कथा सांगितलीच पाहिजे. जिन्यापाशी छताला धुराचा अलार्म होता. तो वाजला की माझ्या मोहरीला दोष ठरलेला. एकदा मुलीला घेऊन मी घराजवळच्या कॅनालवर बदकं बघायला गेले होते, आणि तिथे फोनवर मेसेज आला: "वहिनी, कृपया फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट लावावा." परत येऊन मी त्यांना थंडगार शेगडीवर हात ठेवून दाखवला.

"मग सेन्सर फॉल्टी आहे," ते म्हणाले.

स्टुलावर चढून त्यांनी अलार्मला हॉटेलात मिळते तशी प्लॅस्टिकची न्हाणटोपी घातली. अगदी इलॅस्टिक ताणून, नीट बसवून. घराला आग लागली तर काय, असं विचारलं तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता." मी झोपायला जाताना टोपी काढायचे, ते सकाळी चहाआधी पुन्हा घालायचे. यावर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

एकदाच त्यांची खोड मोडलेली मी पाहिली. त्या उन्हाळ्यात निर्बंध जरा सैल झाले तेव्हा आम्ही सगळे डब्लिनला निघालो होतो. रेल्वेचा डबा रिकामाच. घरमालकांनी मास्क हनुवटीखाली सरकवून मशीन काढलं. तिकीट तपासणारा उंचापुरा माणूस आला आणि शांतपणे म्हणाला, "दॅट गोज अवे, गुड मॅन."

"व्हेअर इज इट रिटन?" घरमालकांनी विजयी मुद्रेने विचारलं.

त्याने नुसतं बोट वर केलं. यांच्या डोक्याच्या बरोब्बर वर खिडकीवर स्टिकर होतं, सिगरेटचं चित्र आणि शेजारी याच मशीनचं चित्र, दोन्हींवर लाल काट. मशीन खिशात गेलं. पुढे डब्लिन येईपर्यंत ते मला समजावत होते की हा कायदा नव्हे, हे रेल्वेचे स्वतःचे नियम, आणि दोन्हींत फार मोठा फरक आहे. मी इतकी हसत होते की मास्कच्या आत चष्म्यावर धुकं आलं.

त्या हिवाळ्यात घराघरांत वाफारे सुरू होते. इकडच्या फोनवर तिकडून रोज नवा सल्ला यायचा, ओवा घाला, निलगिरी घाला. आजी सकाळी पातेल्यात पाणी उकळून डोक्यावर टॉवेल घेऊन बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तो त्याच्या मशीनीनं घेते, मी माह्या गंजानं." गंज म्हणजे पातेलं. मला वाटलं आजी लेकाला टोमणा मारतायत. मी खूप हसले, त्याही हसल्या.

फेब्रुवारीतली गोष्ट. शाळा बंद होत्या, मुलगी नुकतीच पाच वर्षांची झाली होती आणि दोन दिवस सर्दीने बेजार होती. नवरा वर कॉलवर, घरमालक त्यांच्या खोलीत कॉलवर. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं म्हणून मी परसात कपडे वाळत घालायला गेले. शेवटची चादर दोरीवर टाकतेय तोवर थेंब पडायला लागले. सगळे ओले कपडे पुन्हा कवटाळून मी मागच्या काचेच्या दाराशी आले आणि आत बघितलं.

सोफ्यावर आजी. त्यांच्या मांडीवर माझी मुलगी, डोक्यावरून टॉवेल. टॉवेलच्या आत आजींचा हात, आणि कडेने दाट पांढरे ढग बाहेर येत होते.

"घे माय, मोठ्ठा श्वास घे. सर्दी चाल्ली जाते पाह्य."

मी दार कसं उघडलं मला माहीत नाही. टॉवेल ओढला. मुलीच्या ओठांत ते मशीन होतं आणि आजींचा अंगठा बटणावर. खोलीभर आंबा. माझी किंकाळी ऐकून पोर दचकली, आणि मग मला धीर द्यावा तशी म्हणाली, "इट्स ग्रँड, मॅमी. इट्स ओन्ली स्टीम." एवढं बोलून ती खोकायला लागली.

तो खोकला थांबेना. तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी, दोन श्वासांच्या मध्ये ती शिट्टी. पर्स सापडेना, पंप सापडेना, शेवटी सापडला. नवरा धावत खाली आला, त्याने तिला धरलं, मी पंप दिला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बसवून ठेवा, लक्ष ठेवा, कमी झालं नाही तर थेट हॉस्पिटल. आम्ही दोघं तिच्या छातीला कान लावून बसलो. हळूहळू शिट्टी उतरली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आजी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या आहेत.

"मले नोतं माईत, माय," त्या म्हणत होत्या. "तो तं म्हने डाक्टरनं देलं. करोनाचं वाफेचं मशीन हाय म्हने."

आईला त्यांनी हे सांगितलं होतं! वर्षभर!

इतक्यात कॉल संपवून घरमालक खाली आले. मुलगी नवऱ्याच्या खांद्यावर पडलेली, मी जमिनीवर, आजी कोपऱ्यात. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "माझं मशीन कोणी घेतलं?"

मी सांगितलं. खरं बोलायचं तर त्यांच्या तोंडचा रंग उडाला, पण क्षणभरच. मग त्यांच्यातला टेस्टर जागा झाला.

"किती पफ घेतले तिने?"

"सर, तुम्ही काय बोलताय?"

"नाही, हे नीट समजून घेऊ. मशीनमध्ये दोष नाही. चुकीच्या युजरने चुकीच्या पद्धतीने वापरलंय. आई, तुला ते उचलायला कोणी सांगितलं होतं?"

दाराशी पडलेले ओले कपडे उचलून त्यांच्या तोंडावर फेकावेत असं वाटलं. फेकले नाहीत याची चुटपुट अजून आहे.

आजी कोपऱ्यातून पुढे आल्या. "काय हाय रे ते? तू तं सांगतलं होतं का डाक्टरनं देलं म्हून."

"'दिलं', आई. आणि जरा हळू बोल."

"तमाखू हाय का त्याच्यात?"

"तंबाखू नाही. फक्त निकोटीन आहे, आणि ते टेक्निकली..."

"आजी, तंबाखूतलं विष असतं ना, तेच," मी म्हणाले. "तुम्ही सिगरेटच समजा."

आजींनी लेकाकडे पाहिलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं त्यांच्यासाठी. मग त्या मागच्या दाराशी गेल्या आणि दोन्ही हातांनी जोर लावून ते सरकवलं. पाऊस आत येऊ लागला. सोफ्यावरचं मशीन उचलून त्यांनी लेकाच्या हातात ठेवलं आणि दाराची मूठ धरून उभ्या राहिल्या.

"आई, पाऊस आहे."

आजी हलल्या नाहीत.

"आई, लिटरली पाऊस आहे."

मग घरमालकांनी खुंटीवरचं जॅकेट घेतलं, त्याची टोपी डोक्यावर ओढली आणि बाहेर जाऊन कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे राहिले, मी रोज उदबत्ती ओवाळायचे तिथे. आजींनी दार लावलं आणि आतून कडी घातली. मी स्टुलावर चढले आणि अलार्मची न्हाणटोपी काढून केराच्या टोपलीत टाकली.

संध्याकाळी मुलगी वरणभात जेवली. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या. घराच्या ग्रुपवर, म्हणजे घरमालक, माझा नवरा आणि मी अशा तिघांच्या ग्रुपवर, इंग्रजीत एक लांबलचक मेसेज आला. सर्व रहिवाशांना कळवण्यात येते की आजपासून या घरात इलेक्ट्रॉनिक सिगरेट ओढण्यास सक्त मनाई आहे, घरात लहान मूल असल्याने सर्वांनी जबाबदारीने वागावे, सहकार्याची अपेक्षा. माझ्या नवऱ्याने खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"काय लिवलं त्यानं एवढं?" आजींनी विचारलं.

मी मराठीत करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुलीच्या तोंडाला लागलेलं वरण पदराने पुसलं.

"त्याचा बाप अडाणी होता, माय," त्या म्हणाल्या. "पन हा जल्मला त्या दिसापासून बिडी ओढाले आंगनात जाये. त्याले कोनं लिहून नोतं देलं."